माहेरचा कान

प्रभूच्या करगोट्याला एक किल्ली असायची, ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याची. आंघोळ करतानाही तो ती सोडत नसे. त्याची बायको गोजरबाई चारचौघींत म्हणायची, "मंगळसूत्र माझ्या गळ्यात बांधलं आन् स्वतःचं कंबरेला." प्रभूला हे ऐकून राग यायचा नाही, उलट बरंच वाटायचं. ज्याच्या घरात कधी कुलूप लावण्याजोगं काही नव्हतं, त्याला गावाच्या कुलपाचा मान मिळाला होता.

गावाचं नाव राहू द्या. साखऱ्याकडून येताना ओढा ओलांडला की लागतं, एवढं पुरे. कोंडवाडा म्हणजे गावाच्या कडेला छातीइतक्या दगडी भिंतींचा एक चौक, एका कोपऱ्यात चार पत्रे आणि बाकी सगळं ऊन. मोकाट सुटलेली, कुणाच्या पिकात शिरलेली जनावरं तिथं डांबायची, त्यांना पाणी पाजायचं आणि मालक आला की सोडायची. हे काम पंचायतीचा शिपाई म्हणून प्रभूकडे होतं. शिवाय नळाचा वॉल्व्ह फिरवणं, दवंडी देणं आणि ग्रामसभेला सतरंजी टाकणं.

मूळचा तो मेंढपाळाचा पोरगा. बाप संतराम याच्याकडं शंभराच्या वर मेंढरं होती. चौऱ्याण्णव साली मेंढ्यांना देवी आल्या आणि पंधरा दिवसांत मेंढरं कोंडायचं वाडगं मोकळं झालं. त्यानंतर बाप फार दिवस जगला नाही. प्रभू दोन वर्षं लोकांच्या शेतात राबला आणि शहाण्णव साली पंचायतीत लागला. मेंढरं गेली, पण मेंढरांची विद्या मात्र अंगातून गेली नाही. तो कान वाचायचा.

धनगराघरी कोकरू दोन-तीन महिन्यांचं झालं की त्याचा कान कापतात. कुणाची टोकाला चीर, कुणाची कडेला खाच, कुणाचं मधोमध भोक. घराण्याची खूण ठरलेली असते. आसपासच्या सात-आठ गावांतल्या खुणा प्रभूला तोंडपाठ होत्या. कुणाची मेंढी चुकून दुसऱ्याच्या कळपात मिसळली की त्याला बोलावणं यायचं. तो कान दोन बोटांत धरायचा आणि नाव सांगायचा. त्याच्या शब्दावर कुणी वाद घातला नव्हता. गरीब माणसाला अशी एखादी गोष्ट असली की तो तिच्यावर जगतो.

दोन हजार दोन सालच्या फाल्गुनात साखऱ्याच्या सोनाजीची तीस मेंढरं चोरीला गेली. सोनाजीनं ठाण्यात तक्रार दिली आणि उरलेली मेंढरं घेऊन तो चाऱ्यासाठी वारंगा फाट्याकडं निघून गेला. पोट कुणाची वाट बघत नाही, मेंढराचं तर नाहीच. इकडं फौजदारानं गावोगावच्या पोलीस पाटलांना ताकीद दिली. आमच्या गावचे पोलीस पाटील उकंडराव. पन्नास एकरांचे धनी, सप्त्याला पहिली पंगत त्यांची. त्यांनी दोन दिवसांत शोध लावला की नामाजीच्या विधवेकडं वेगळ्या कानाच्या मेंढ्या आहेत.

ती सत्यभामाबाई. तिचा नवरा नामाजी दोन वर्षांमागं गेला होता आणि त्याची मेंढरं त्याच्या दुखण्यातच संपली होती. नामाजीच्या घराची खूण उजव्या कानाला भोक. गेल्या दिवाळीपासून बाई ओढ्यापलीकडच्या माळावर बावीस मेंढ्या चारत होती आणि त्यांच्या उजव्या कानाला भोक नव्हतं. बाई कुणात मिसळणारी नव्हती. त्या माळाकडं कुणी फिरकत नसे, मेंढ्या कधी आणि कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी पंचायतीपुढं जीप उभी राहिली. सत्यभामाबाईच्या बावीस मेंढ्या हाकून आणल्या होत्या. प्रभूला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा उकंडराव म्हणाले, "प्रभूला खुर्ची द्या रे. त्याच्यावाचून आज पान हलत न्हाई."

सहा वर्षं तो या खुर्च्या पुसत होता. बसला कधीच नव्हता. त्या दिवशी तो बसला, शेजारी फौजदार, पलीकडं उकंडराव, समोर अख्खं गाव. एक मेंढी त्याच्यापुढं धरली. त्यानं डावा कान दोन बोटांत घेतला. टोकाला दोन चिरा. त्याला विचारही करावा लागला नाही.

"सोनाजीची खूण हाये," तो म्हणाला.

"बराबर?" फौजदारानं विचारलं.

"बराबर म्हंजे? झोपेत उठवून इचारा."

गर्दीच्या कडेला उभी असलेली सत्यभामाबाई पुढं आली. "माझ्या भावानं देल्या मला, प्रभूभाऊ."

फौजदार म्हणाला, "चोरीचा माल सगळ्यांना भावानंच दिलेला असतो."

लोक हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण प्रभूही हसला.

इथंच सगळा घात झाला. मेंढपाळांत एक रीत आहे. बाईला माहेरहून मेंढ्या मिळाल्या तर त्यांच्या कानाला सासरची कात्री लागत नाही. त्या मेंढ्यांच्या पोटच्या पिल्लांनाही माहेरचीच खूण करतात. त्यामुळं बाईमाणसाचा कळप असला की जाणता माणूस कानाला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारतो: बाई, माहेर कोन्तं? प्रभूला ही रीत माहीत नव्हती असं नाही. ती त्याला बापानंच शिकवली होती. बाईनं "भाऊ" हा शब्द त्याच्या पुढ्यात ठेवला होता, तरी त्यानं विचारलं नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणं कमीपणाचं वाटतं, त्याला फक्त उत्तरं द्यायची असतात.

पंचनामा झाला आणि प्रभूनं सही केली. सोनाजी येऊन आपला माल ओळखेपर्यंत बावीस मेंढ्या कोंडवाड्यात राहतील आणि त्यानंतर बाईवर गुन्हा दाखल होईल, असं ठरलं. सोनाजीला निरोप धाडला. तो यायला चार-पाच दिवस लागणार होते.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. मेंढ्या चरायला जातात तेव्हा लहान कोकरं घरी जाळीच्या वाघुरीत ठेवलेली असतात. सत्यभामाबाईच्या वाघुरीत अकरा कोकरं होती, पंधरा-वीस दिवसांची, फक्त दुधावरची. त्यांचे कान अजून कापायचे होते. खूण नाही म्हणून पंचनाम्यातही ती नव्हती. सरकारच्या लेखी ती जन्मलीच नव्हती.

मंगळवारी सकाळी प्रभू हौदात पाणी भरायला कोंडवाड्यावर गेला. सत्यभामाबाई फाटकाशी बसलेली होती. आत मेंढ्या ओरडत होत्या. असं ओरडणं प्रभूनं वाडगं मोकळं झालं त्या साली ऐकलं होतं, त्यानंतर नाही.

"कोकरं भुकेली हायेत, भाऊ," बाई म्हणाली. "कालपासून तोंडात थेंब न्हाई. आत सोडा त्यायले, पिऊन झालं की मी घेऊन जाते."

"सोनाजीच्या मेंढ्याले तुही कोकरं कशी सोडू?"

बाईनं त्याच्याकडं पाहिलं. "माझा आजा साखऱ्याचा व्हता. सोनाजीच्या भावकीतला. कुरुंद्याले राहायला गेला तवा मेंढरं घेऊन गेला, खूण बी घेऊन गेला. माझं माहेर कुरुंदा हाये, प्रभूभाऊ. तुमी इचारलंच न्हाई."

प्रभूच्या हातातली बादली खाली टेकली. एकाच घराण्याची खूण दोन गावांत, हे आता त्याला लख्ख दिसलं. तो आत गेला आणि एका मेंढीच्या कासेला हात लावला. कास दगडासारखी झाली होती, हात लागताच मेंढी कण्हली. ताजी व्यालेली मेंढी. आठ दिवसांमागं चोरीला गेलेली मेंढी असती तर तिची कोकरं सोनाजीकडं राहिली असती, इथं नाही. सोमवारी एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

त्यानं बाईजवळचा पाण्याचा तांब्या रिकामा केला, दोन मेंढ्या पिळल्या आणि दूध बाईच्या हातात दिलं. मग तो तसाच उकंडरावांच्या वाड्यावर गेला.

उकंडराव देवपूजेतून उठत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग? सोनाजी येईल आन् सांगंल, माह्या न्हाईत म्हणून. सुटतील मेंढ्या. तुला काहून घाई झाली?"

"मालक, तोवर कोकरं मरतील. निदान ती आत सोडू द्या. ज्याची माय त्याला लागंल. समद्यायले दिसंल कुणाच्या मेंढ्या ते."

"तेच नको हाये मला," उकंडराव म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फौजदाराला मी सांगितलं, चोर धरला. वर कळवून बसला तो. आता तू गावापुढं तमाशा करून मला खोट्यात काढतो? कागदावर बावीस जनावरं हायेत. आत तेहतीस झाली तर जबाबदार कोण? आन् तू दूध काढून देल्लं म्हणतो तिला. उद्या सोनाजीनं दुधाचा इचार केला तर? परत हात लावू नको."

उकंडराव दुष्ट नव्हते. दारी आलेल्याला उपाशी पाठवल्याचं त्यांच्याबद्दल कुणी सांगणार नाही. पण आपण चुकलो हे मान्य करण्यापेक्षा अकरा मुके जीव मेलेले त्यांना परवडत होते. अशा माणसाचं काय करायचं, ते आमच्या गावाला आजवर समजलेलं नाही.

प्रभू घाबरला. दूध काढायचं त्यानं थांबवलं. नोकरी हा एकच आधार होता आणि तो उकंडरावांच्या शब्दावर टांगलेला होता. सत्यभामाबाई वाटी घेऊन गावात शेळीचं दूध मागत फिरली. दोन घरांनी दिलं. बाकीच्यांनी दारं लोटली, चोरीच्या भानगडीत कशाला पडा म्हणून. दोन वाट्या दूध अकरा तोंडांना. तिनं चिंधी बुडवून प्रत्येकाच्या तोंडात पिळली.

बुधवारी प्रभू ठाण्यात गेला. दुपारपर्यंत बाकावर बसला. फौजदारानं ऐकलं आणि हिंदीवर आला. "परसों बोला सोनाजी का है. आज बोलता है नहीं है. गवाही पलटता है? तुझे ही अंदर डाल दूँ?"

"साहेब, चूक माझी हाये. मला टाका आत. पण कोकरं…"

"निकल."

तो परत आला तेव्हा दिवस कलला होता. कोंडवाड्याच्या फाटकापुढं सत्यभामाबाईनं दोन मेलेली कोकरं आणून ठेवली होती. ती रडत नव्हती. भिंतीपलीकडून दोन मेंढ्या मान वर करून वास घेत होत्या आणि खालच्या आवाजात घुमत होत्या, पिल्लाला बोलावताना घुमतात तशा. प्रभूला तिथं उभं राहवेना. तो मान खाली घालून घरी गेला आणि भाकरीला हात न लावता बसून राहिला.

गुरुवारी सकाळी आणखी दोन कोकरं गेल्याचं कळलं. प्रभू म्हणाला, "माझ्या हातात काय हाये? पाटील न्हाई म्हणतात, फौजदार न्हाई म्हणतो."

गोजरबाई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. "किल्ली तुमच्या कंबरेला हाये," ती म्हणाली, "उकंडरावाच्या न्हाई."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. तिच्या कोकरायनं काय खाल्लं तीन दिवस? आपण बी दोन दिवस तेच खाऊ."

तो उठला. भर दुपारी, बाराच्या उन्हात, सगळ्यांना दिसेल असा ओढा ओलांडून सत्यभामाबाईच्या पालावर गेला. सात कोकरं उरली होती. त्यातली दोन तर मानही धरत नव्हती. बाईनं चार घेतली, त्यानं तीन. वाटेत लोक उभे राहून बघायला लागले आणि मागोमाग चालू लागले. कोंडवाड्यापुढं पोचेपर्यंत निम्मं गाव जमलं होतं. प्रभूनं करगोट्याची किल्ली न सोडताच वाकून कुलूप उघडलं, कारण गाठ सुटत नव्हती.

कोकरं खाली ठेवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक काळं कोकरू धडपडलं, पडलं, उठलं आणि बावीस मेंढ्यांच्या पायांतून वाट काढत कोपऱ्यातल्या एका मेंढीकडं गेलं. ती मेंढी त्याच्याकडं आधीच निघाली होती. त्यानं कासेला तोंड मारलं आणि शेपटी हलवायला लागलं. मग दुसरं, मग तिसरं. एकही कोकरू चुकलं नाही आणि एकाही मेंढीनं लाथ मारली नाही. पाच प्यायली. उरलेली दोन सत्यभामाबाईनं हातानं कासेला लावली, त्यांच्या तोंडात दूध पिळलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. त्यांच्या आया त्यांना चाटत राहिल्या. आणि चार मेंढ्या फाटकाकडं बघत ओरडत होत्या, त्यांचं कुणीच आलं नव्हतं.

सोमवारी हसलेली सगळी तोंडं तिथं होती.

उकंडराव फौजदाराला घेऊन आले. निरोप कुणीतरी आधीच धाडला होता. उकंडरावांनी प्रभूला बाजूला घेतलं, भिंतीच्या आडोशाला. "ऐक. बाईनं किल्ली हिसकून घेतली असं सांग. तुझी नोकरी राहील. बाकीचं मी बघतो."

प्रभूनं त्यांच्याकडं पाहिलं. पुढं कित्येक वर्षं तो सांगायचा की त्या घटकेला आपल्याला मोह झाला. खोटं नाही. घरात ज्वारीची एक पायली होती. एक वाक्य बोललं की सुटका होती, आणि त्याच्या वाक्यावर गावाचा विश्वास होता. त्याच विश्वासानं चार कोकरं मारली होती, दोन मरत होती.

तो भिंतीच्या आडोशातून बाहेर आला आणि मोठ्यानं बोलला, दवंडीच्या आवाजात, कारण त्याला दुसरा आवाज येत नव्हता. "ऐका हो! कुलूप म्या उघडलं. बाईनं हात लावला न्हाई. खूण वाचायला म्या चुकलो. मेंढ्या बाईच्या हायेत. पाटलाला म्या मंगळवारीच सांगितलं, फौजदारसाहेबाला काल सांगितलं."

फौजदारानं उकंडरावांकडं पाहिलं आणि उकंडरावांनी आभाळाकडं. फौजदार म्हणाला, "लिखो, शिपाई ने सरकारी ताला खोला." मग तो कोंडवाड्यात डोकावला, त्या पिणाऱ्या कोकरांकडं जरा वेळ बघितलं आणि पुढं काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसला. बाईवरचा गुन्हा त्यानं कधी लिहिला नाही. त्यानं ते दयेनं केलं की डोक्याला ताप नको म्हणून, देव जाणे.

शनिवारी सोनाजी कोंडवाड्यावर आला, मेंढ्या आणि कोकरं अजून तिथंच होती. त्यानं एकाही कानाला हात लावला नाही. सत्यभामाबाईला त्यानं पहिला प्रश्न विचारला, "माय, माहेर कोन्तं?" तिनं आजाचं नाव सांगितलं. सोनाजी जमलेल्या लोकांकडं वळला. "ही तं माह्या चुलत बहिणीची मेंढरं हायेत. कुणी वाचला कान?"

प्रभू पाच हातांवर उभा होता. त्यानं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

महिन्याच्या बैठकीत ठराव झाला आणि प्रभूला काढून टाकलं. सतरंजी त्या दिवशी दुसऱ्या कुणी टाकली. करगोटा कापूनच किल्ली काढावी लागली, गाठ इतकी बसली होती. उकंडराव पुढं बरीच वर्षं पोलीस पाटील राहिले आणि रिटायर झाले तेव्हा गावानं त्यांना फेटा बांधला. प्रभू परत लोकांच्या शेतात राबू लागला. कान वाचायला त्याला कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. रस्त्यात सत्यभामाबाई दिसली की तो वाट सोडून शेतात उतरायचा. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

अक्षय तृतीयेच्या आसपास तिचाच निरोप आला. कोकरांचे कान कापायचे आहेत, या.

तो गेला तेव्हा पालापुढं गोणपाट अंथरलेलं होतं आणि त्यावर धार लावलेला वस्तरा, हळद आणि राख ठेवलेली. वाघुरीत पाच कोकरं होती. नामाजी असता तर त्यानं कापले असते, भाऊ जवळ असता तर त्यानं. गावात आणखीही दोघांना कापता येत होतं. तिनं त्यांना का बोलावलं नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

तो बसला. बाईनं काळं कोकरू आणून त्याच्या मांडीवर धरलं. त्यानं वस्तरा उचलला आणि खाली ठेवला. प्रश्न तोंडातून निघेना, आणि तो विचारल्याशिवाय आता त्याचा हात कुठल्याच कानाला लागणार नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "माहेर कोन्तं?"

सत्यभामाबाईनं कोकराचे पाय घट्ट धरले. कोकरू त्याच्या मांडीवरून सुटायला बघत होतं.

"कुरुंदा," ती म्हणाली.

त्यानं डावा कान दोन बोटांत धरला, टोकाला दोन चिरा दिल्या, हळद दाबली. कोकरू ओरडलं आणि आईकडं पळालं. बाईनं दुसरं आणलं. मग तिसरं, चौथं, पाचवं. पाचवं सुटलं तरी प्रभू मांडी मोकळी करून तसाच बसून राहिला, हात पुढं धरून, हात हळदीनं आणि रक्तानं माखलेले.

सत्यभामाबाईनं वस्तरा पुसून ठेवला.

"उठा, प्रभूभाऊ," ती म्हणाली. "तवा इचारलं असतं तं अजून सहा कान कापायचे व्हते. आता न्हाईत."